सीओटू लेझरचा गेन कुठे अडतो: नाशिकच्या गाळ्यात आणि प्रयोगशाळेत मोजून पाहण्याची पद्धत

अंबड-सातपूरच्या गाळ्यांमध्ये ॲक्रिलिकची अक्षरं, एमडीएफच्या जाळ्या आणि लाकडी खोक्यांवरची नावं कापणारी जी छोटी लेझर मशिनं चालतात, त्यांत काचेची सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या लेझरची) ट्यूब असते. मशिनवर नव्यानं बसलेला माणूस एक गोष्ट हमखास करतो. आठ एमएमचं ॲक्रिलिक एका फेरीत निघालं नाही की करंट वाढवतो. पुन्हा नाही निघालं की आणखी वाढवतो. एका मर्यादेनंतर करंट वाढतो, पण कापण्याचा जोर तिथेच राहतो, कधी कधी कमीही होतो. ट्यूबचं आयुष्य मात्र झपाट्यानं संपतं.

ही मर्यादा सप्लायची नसते, आरशांचीही नसते. ती ट्यूबमधल्या गॅसच्या तापमानाची असते. गॅस तापला की त्याचा गेन, म्हणजे आतून जाणारा प्रकाश वाढवण्याची क्षमता, खचतो. आधी तिचं कारण पाहू, मग आपल्या ट्यूबवर ती मोजू, मग नाशिकच्या हवेत पाणी किती अंशांवर ठेवायचं ते ठरवू. एका लेझरचा बीम दुसऱ्या ट्यूबमधून नेऊन वाढवायचा, म्हणजे खरा ॲम्प्लिफायर करायचा, त्याचं गणित शेवटी आहे. ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना जास्त उपयोगी पडेल.

गॅसच्या आत काय चालतं

सीओटू लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी बनवला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंगची पदवी पुण्याची. नुसता कार्बन डायऑक्साइड भरलेल्या पहिल्या ट्यूबमधून मिलिवॅटच मिळाले. त्यात नायट्रोजन आणि पुढे हेलियम मिसळल्यावर आकडा शेकडो वॅटवर गेला. तिन्ही गॅसचं काम वेगवेगळं आहे आणि गेनची मर्यादा समजायची तर ते माहीत असायलाच हवं.

डिस्चार्जमधले, म्हणजे गॅसमधून वाहणाऱ्या विजेतले, इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या रेणूला धडकून त्याला थरथरवतात. ही ऊर्जा नायट्रोजन प्रकाश म्हणून सोडू शकत नाही, त्यामुळे ती त्याच्याजवळ साठून राहते. योगायोग असा की नायट्रोजनची ही पातळी (२३३० प्रति सेंमी, हे इथे ऊर्जेचं एकक) आणि कार्बन डायऑक्साइडची लेझरची वरची पातळी (२३४९ प्रति सेंमी) जवळजवळ सारख्याच उंचीवर आहेत. मधलं अंतर फक्त १८-१९ एककांचं, आणि खोलीच्या तापमानाची उष्णताच २०८ एककांच्या आसपास असते. त्यामुळे नुसत्या धडकेत ऊर्जा इकडून तिकडे जाते. तिथून रेणू १३८८ एककांच्या खालच्या पातळीवर उतरतो आणि १०.६ मायक्रॉनचा प्रकाश बाहेर पडतो.

अडचण इथून पुढे सुरू होते. खाली उतरलेला रेणू तिथेच थांबला तर तो मागून येणारा प्रकाश गिळतो. त्याला आणखी खाली, ६६७ एककांच्या वाकण्याच्या कंपनातून तळाला, पटकन उतरवावं लागतं. हे काम हेलियमच्या धडका करतात. हेलियम दुसरंही एक काम करतं. त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता नायट्रोजनच्या सुमारे सहापट आहे, म्हणून ट्यूबच्या मधल्या भागातली उष्णता ते भिंतीपर्यंत पोचवतं.

गेन म्हणजे वरच्या पातळीवरचे रेणू वजा खालच्या पातळीवरचे रेणू, असं ढोबळमानानं धरा. गॅस तापला की खालची पातळी उष्णतेनंच भरू लागते. २७ अंश सेल्सिअसला तळाच्या प्रत्येक हजार रेणूंमागे १३८८ च्या पातळीवर एक-सव्वा रेणू असतो. २२७ अंशांना तो आकडा १८ च्या वर जातो, म्हणजे जवळपास चौदा पट. शिवाय गरम गॅसमध्ये वरची पातळी धडकांनी लवकर रिकामी होते. वरचे कमी आणि खालचे जास्त, अशा दोन्ही बाजूंनी गेन खचतो.

उष्णता टाळताही येत नाही. वर चढायला लागणाऱ्या ऊर्जेतली जेमतेम ४० टक्के १०.६ मायक्रॉनच्या प्रकाशात जाते, उरलेली ६० टक्के अगदी आदर्श ट्यूबमध्येही गॅसमध्येच राहते. प्रत्यक्षात काचेच्या ट्यूबला दिलेल्या विजेतली १० ते २० टक्केच प्रकाश होऊन बाहेर येते.

जाड ट्यूब घेतली तर?

हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर अनेकांना पटत नाही, म्हणून आकडे मांडतो.

समजा डिस्चार्जची लांबी १.२ मीटर आहे, सप्लाय १६ किलोव्होल्टला २४ मिलिॲम्प देतोय, म्हणजे ३८४ वॅट. त्यातले ७५-८० प्रकाश झाले, तर सुमारे ३०० वॅट गॅसमध्ये उष्णता म्हणून राहिले. मीटरमागे २५० वॅट. गोल नळीत सारखी उष्णता तयार होत असेल तर मधला भाग आणि भिंत यांच्या तापमानातला फरक काढायला मीटरमागची उष्णता भागिले (चार गुणिले पाय, म्हणजे ३.१४, गुणिले गॅसची उष्णतावाहकता) हे सूत्र आहे. हेलियमयुक्त मिश्रणाची वाहकता ०.०८ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरा. उत्तर येतं सुमारे २५०. भिंत २० अंशांवर ठेवली तरी मधला गॅस २७० अंशांच्या आसपास.

आता सूत्र पुन्हा वाचा. त्यात व्यास कुठेच नाही. नळी दुप्पट जाड केली तर उष्णता पसरायला जागा मिळते, पण भिंतही तितकीच लांब जाते, आणि हिशेब फिटतो. म्हणूनच भिंतीवरून थंड होणाऱ्या काचेच्या ट्यूबमधून मीटरमागे साधारण ५० ते ८० वॅटच मिळतात, व्यास काहीही असो. जास्त वॅटची ट्यूब लांब का असते, याचं हे कारण. लांबी न वाढवता ‘१०० वॅट’ असं लेबल लावलेली ट्यूब कुणी दाखवली तर आधी डिस्चार्जची लांबी टेपनं मोजा आणि मग बोला.

आपल्या ट्यूबची मर्यादा मोजायची कशी

साहित्य फार नाही. ० ते ३० मिलिॲम्पचा काट्याचा मीटर, २०० ग्रॅमचा ॲल्युमिनियमचा ठोकळा (५० × ५० × ३० एमएमचा तुकडा बरोबर तेवढा भरतो), के-टाइप थर्मोकपल आणि त्याचा मीटर, स्टॉपवॉच, बीम अडवायला भट्टीची वीट, १०६०० नॅनोमीटरसाठीचा लेझर चष्मा. ठोकळा काळा ॲनोडाइज करून घ्या. चकचकीत ॲल्युमिनियम १०.६ मायक्रॉनचा बहुतेक प्रकाश परत फेकतं. तो परतलेला बीम दिसत नाही, पण डोळ्याच्या बाहुलीवरचा पडदा भाजतो. ठोकळ्याच्या बाजूनं मध्यापर्यंत ३ एमएमचं भोक पाडून त्यात थर्मोकपल थर्मल पेस्टनं बसवा, आणि मागे ग्लासवूल द्या. थर्मोकोल देऊ नका, बीम चुकला तर पेट घेईल.

पायरी १. मीटर जोडणे. मिलिॲम्प मीटर नेहमी परतीच्या वायरवर, म्हणजे कॅथोडकडून सप्लायकडे जाणाऱ्या वायरवर, सिरीजमध्ये येतो. कॅथोड बहुधा बीम बाहेर पडतो त्या टोकाला असतो. लाल, जाड इन्सुलेशनची ॲनोडची वायर कधीच तोडायची नाही. तिच्यावर चालताना १५ ते १८ किलोव्होल्ट आणि पेटताना २० च्या वर असतात. मेन प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, मग अर्थिंगला जोडलेल्या, इन्सुलेटेड दांड्याच्या वायरनं ॲनोडचं टोक शिवून घ्या. मशिनच्या सांगाड्याला खरं अर्थिंग आहे का, तेही याच वेळी मल्टिमीटरनं तपासा. भाड्याच्या गाळ्यात तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते, हे फार ठिकाणी आढळतं. ते दुरुस्त झाल्याशिवाय पुढची पायरी घेऊ नका.

पायरी २. पाणी. डिस्टिल्ड किंवा डीआयनाइज्ड पाणीच. बोअरचं पाणी आपल्याकडे जड असतं. त्याचा थर काचेवर बसतो आणि क्षारांमुळे पाण्यातून हाय व्होल्टेज गळून चिलरपर्यंत (पाणी थंड करणाऱ्या यंत्रापर्यंत) जातं. प्रवाह मिनिटाला दोन ते चार लिटर असावा. बादली आणि घड्याळ लावून मोजा, पंपावर छापलेला आकडा धरू नका. पाण्याचं बाहेर पडण्याचं तोंड वरच्या बाजूला येईल अशी ट्यूब फिरवा, नाहीतर जॅकेटमध्ये, म्हणजे ट्यूबभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, हवेचा बुडबुडा अडकतो. बुडबुड्याखालची काच थंड होत नाही, आणि ट्यूब तडकते ती बहुधा तिथेच. मिनिटाला ३ लिटर पाणी आणि ३०० वॅट उष्णता असेल तर आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्यात दीड अंशाचा फरक पडायला हवा. तीन-चार अंशांचा पडत असेल तर प्रवाह कमी आहे, कुठेतरी पाइप दुमडलाय किंवा शेवाळ साचलंय.

पायरी ३. जागा. मोजमाप ट्यूबच्या तोंडाशी, पहिल्या आरशाच्या आधी. लेन्सखाली मोजलं तर आरशांची घाणही आकड्यात मिसळते. ठोकळा तोंडापासून वीसेक सेंटिमीटरवर, किंचित तिरका ठेवा म्हणजे उरलेलं परावर्तन ट्यूबमध्ये परत जाणार नाही. मागे वीट.

पायरी ४. मोजणे. ट्यूब मध्यम करंटवर पाच मिनिटं चालवून गरम होऊ द्या, बीम विटेवर. मग ठोकळा ठेवून बरोबर २० सेकंद बीम द्या, बंद करा, पंधरा सेकंद थांबून ठोकळ्याचं तापमान वाचा. २०० ग्रॅम ॲल्युमिनियमला एक अंश तापायला १८० ज्यूल लागतात. वीस सेकंदांनी भागलं की एका अंशाला ९ वॅट. ठोकळा ८ अंश तापला तर ७२ वॅट. प्रत्येक वाचनानंतर ठोकळा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, घाई केली तर आकडे खोटे येतात. हा मीटर दोन-पाच टक्के इकडेतिकडे चुकेल. आपल्याला आकड्यांमधला फरक हवा आहे, प्रमाणपत्र नको.

पायरी ५. आलेख. ८ मिलिॲम्पपासून सुरुवात करा. चारच्या खाली डिस्चार्ज फडफडतो, तिथली वाचनं निरुपयोगी असतात. दोन-दोन किंवा चार-चारनं वर जा. वर ट्यूबच्या कागदावर लिहिलेल्या कमाल करंटच्या पुढे जायचं नाही. १.२ मीटर डिस्चार्जच्या ट्यूबचा आलेख साधारण असा दिसतो, आकडे नमुन्यादाखल:

८ मिलिॲम्प: २५ वॅट
१२: ४२
१६: ५७
२०: ६८
२४: ७४
२६: ७५
२८: ७३

याकडे वॅट म्हणून पाहू नका, वाढ म्हणून पाहा. ८ ते १२ मध्ये प्रत्येक मिलिॲम्पनं सव्वाचार वॅट दिले. १६ ते २० मध्ये पावणेतीन. २० ते २४ मध्ये दीड. २४ ते २६ मध्ये अर्धा. त्यापुढे उणे. वीज मात्र प्रत्येक पायरीला जवळपास सारखीच वाढत होती, म्हणजे शेवटच्या मिलिॲम्पची जवळजवळ सगळी वीज गॅस तापवण्यात गेली. आमचा ठाम सल्ला असा की एका मिलिॲम्पमागची वाढ सुरुवातीच्या निम्म्यावर आली की तिथेच रोजची मर्यादा आखा. वरच्या नमुन्यात ती २० ते २१ च्या दरम्यान पडते. ७५ ऐवजी ६९-७० वॅट मिळतील, कापण्याचा वेग सात-आठ टक्के घटेल, पण कॅथोडचा धातू उडणं आणि कार्बन डायऑक्साइडचं कार्बन मोनॉक्साइड व ऑक्सिजनमध्ये तुटणं, हे दोन्ही खूप कमी होईल. बंद ट्यूबमध्ये गॅस बदलता येत नाही, म्हणून ही दुसरी गोष्ट महत्त्वाची.

पायरी ६. कंट्रोलरमध्ये कुलूप. कंट्रोलरवरचे टक्के म्हणजे मिलिॲम्प नव्हेत. ५० टक्क्यांना एका मशिनवर १२ मिलिॲम्प येतील, दुसऱ्यावर १६. ट्यूब चालू असताना मीटर बघत टक्के वाढवा, ठरवलेल्या मिलिॲम्पला जो टक्का येईल तो ‘कमाल पॉवर’ म्हणून भरा आणि मशिनवर चिकटवून ठेवा. रात्रपाळीच्या मुलालाही तो दिसला पाहिजे.

हा आलेख दर तीन महिन्यांनी पुन्हा काढा, त्याच पाण्याच्या तापमानाला. पूर्ण वक्र खाली सरकला तर गॅस किंवा आरसा थकलाय. सुरुवात तशीच राहून फक्त वरचं टोक वाकलं तर थंड करण्यात बिघाड आहे. तोंडाशी आकडा चांगला आणि लेन्सखाली कमी असेल तर ट्यूबला हात लावू नका. तीन आरसे आणि लेन्स मिळून पाच ते दहा टक्के घट साहजिक आहे, त्याहून जास्त असेल तर घाण किंवा अलाइनमेंट.

डोळ्यांना दिसणाऱ्याही दोन खुणा आहेत. निरोगी डिस्चार्ज गुलाबी-जांभळा असतो. तो पांढुरका होत गेला तर मिश्रण बिघडलंय. दुसरी खूण बीमच्या आकारात. ॲक्रिलिकच्या जाड तुकड्यावर, धूर ओढणारा पंखा चालू ठेवून, फोकस न केलेला बीम तीन सेकंद द्या. जळालेल्या खड्ड्याचा तळ मधोमध खोल हवा. मधे उंचवटा आणि भोवती कडं दिसलं तर एक शक्यता आरसा हलल्याची. करंट कमी केल्यावर तो उंचवटा गेला, तर मात्र कारण उष्णताच आहे. मधला गॅस सगळ्यात गरम, म्हणून गेन सर्वात आधी तिथेच मावळतो.

नाशिकचे तीन ऋतू आणि पाण्याचं तापमान

भिंतीचं तापमान वाढलं की मधलं तापमानही तेवढंच वर सरकतं. पाणी २० ऐवजी ४२ अंशांवर गेलं तर मध्यातल्या खालच्या पातळीची भरती सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. पॉवरवर परिणाम म्हणून पाण्याच्या प्रत्येक अंशामागे अर्धा ते एक टक्का घट धरायला हरकत नाही.

एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ४० च्या आसपास असतो. पत्र्याच्या गाळ्यात आतलं तापमान त्याहून वर. सीडब्ल्यू-३००० वर्गातला चिलर म्हणजे फक्त रेडिएटर आणि पंखा. तो पाणी हवेपेक्षा थंड करू शकत नाही. अशा दुपारी त्याच्यावर ६० वॅटच्या वरची ट्यूब चालवणं म्हणजे करंट न वाढवताच ती मर्यादेपलीकडे ढकलणं. कॉम्प्रेसर असलेला चिलर (सीडब्ल्यू-५००० किंवा ५२०० वर्गातला) घ्या. पैसे अडले असतील तर जाड कापणी सकाळी सातला सुरू करा आणि दुपारी फक्त एनग्रेव्हिंग घ्या. पाण्यात बर्फाच्या पिशव्या टाकणं चालतं, पण एकदम नाही. गरम ट्यूबमध्ये अचानक दहा अंशांचं पाणी शिरलं तर काच आणि आरशाचा जोड दोन्ही ताणले जातात.

पावसाळ्यात उलटी चूक होते. थंड पाणी चांगलं, हे कळलेलं असतं, म्हणून चिलर १६ वर ठेवला जातो. जुलैत हवा २७ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २३ असतो. तोंडी हिशेब सोपा आहे. शंभरातून आर्द्रता वजा करा, पाचनं भागा, आलेला आकडा हवेच्या तापमानातून वजा करा. इथे २० भागिले ५ म्हणजे ४, आणि २७ वजा ४ म्हणजे २३. आर्द्रता पन्नासच्या वर असेल तर हा हिशेब पुरेसा बरोबर येतो. पाणी त्याखाली गेलं की पुढच्या आरशावर दव धरतं. तो थेंब १०.६ मायक्रॉन भरपूर शोषतो, आरसा तडकतो किंवा कोटिंग जळतं. ॲनोडच्या टोकाला ओल आली तर ठिणगी बाहेरून उडते. म्हणून पावसाळ्यात दवबिंदूच्या दोन अंश वर, म्हणजे बहुतेक दिवस २४-२५. गेनमधले चार-पाच टक्के जातील, ते जाऊ द्या. दोनशे-तीनशे रुपयांचा हायग्रोमीटर मशिनजवळ टांगून ठेवा.

थंडीत निफाड-पिंपळगावकडे पहाटे पारा पाचाच्या खाली जातो. तिथे पाणी १५ पर्यंत गरम होईपर्यंत ट्यूब कमी करंटवर चालवा. शेड उघडी असेल आणि मशिन काही दिवस बंद राहणार असेल तर जॅकेटमधलं पाणी काढून ठेवा.

दुसऱ्या ट्यूबनं बीम वाढवायचा असेल तर

आतापर्यंत आरशांच्या मधे असलेल्या ट्यूबविषयी बोललो. तिथे गेन स्वतःला बांधून घेतो. लेझर चालू असताना गेन बरोबर आरशांच्या नुकसानाइतकाच उरतो, बाकी सगळा प्रकाश होऊन बाहेर जातो. ॲम्प्लिफायरमध्ये आरसे नसतात, दोन्ही टोकांना फक्त खिडक्या असतात. एका लेझरचा बीम आत जातो आणि एकाच फेरीत वाढून बाहेर येतो. इथे दोन आकडे महत्त्वाचे आहेत.

पहिला लहान-सिग्नल गेन. कमी दाबाच्या, पाण्यानं थंड केलेल्या ट्यूबमध्ये तो सेंटिमीटरमागे अर्धा ते एक टक्का असतो. ०.७ टक्के धरला आणि लांबी १०० सेंमी, तर गुणाकार ०.७, आणि ई-चा ०.७ वा घात म्हणजे दोन. कमी वॅटचा बीम एका मीटरमध्ये दुप्पट होतो. दुसरा आकडा सॅच्युरेशनची तीव्रता. बीमची तीव्रता एवढी झाली की गेन निम्म्यावर येतो, कारण रेणू वर चढण्याच्या वेगापेक्षा प्रकाश त्यांना जास्त वेगानं खाली उतरवतो. या ट्यूबमध्ये ती प्रति चौरस सेंमी काही दहा वॅट ते शंभर वॅटच्या दरम्यान असते. हिशेबाला ५० घेऊ, आणि बीमचा व्यास १ सेंमी.

या ट्यूबमध्ये २ वॅट पाठवले तर ३.८५ येतात, १.९ पट. २० वॅट पाठवले तर ३०.७, फक्त दीडपट. १०० वॅट पाठवले तर १२०, म्हणजे १.२ पट. आणि कितीही पाठवले तरी ही ट्यूब २७-२८ वॅटपेक्षा जास्त भर घालू शकत नाही, कारण साठा तेवढाच आहे: गेन × लांबी × सॅच्युरेशनची तीव्रता × बीमचं क्षेत्रफळ. म्हणून ‘गेन किती’ एवढाच प्रश्न अपुरा आहे. मोठा गेन हवा असेल तर बीम कमी वॅटचा हवा, ट्यूबमधली ऊर्जा काढून घ्यायची असेल तर बीम जोरदार हवा. दोन्ही एकाच टप्प्यात मिळत नाहीत. मोठ्या यंत्रांत म्हणूनच टप्प्यांमागून टप्पे असतात.

मोजायची पद्धत अशी. प्रोब, म्हणजे चाचणीचा बीम, म्हणून दोन-तीन वॅटचा छोटा सीओटू लेझर घ्या आणि अर्धा तास तापू द्या. गरम होताना तो एका रेषेवरून (ठरावीक तरंगलांबीवरून) दुसरीवर उड्या मारतो आणि प्रत्येक रेषेचा गेन वेगळा असतो, त्यामुळे ॲम्प्लिफायर तोच असूनही आकडा नाचतो. बीम ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून थोडा मोठा, भिंतीला न घासणारा ठेवा. पलीकडे थर्मल डिटेक्टर, त्याचं तोंड बीमपेक्षा मोठं. डिस्चार्ज बंद ठेवून वाचन घ्या, मग चालू करून घ्या, आणि भागाकार करा. प्रोब अडवून, फक्त डिस्चार्ज चालू ठेवून तिसरं वाचन घ्या आणि ते वजा करा. करंट पायरीपायरीनं वाढवत पुन्हा हेच. पुन्हा तोच वक्र दिसेल, पण त्याचा माथा बहुधा कमी करंटला येईल. आरशांच्या मधल्या ट्यूबमध्ये प्रकाश गॅसमधली ऊर्जा बाहेर नेतो, इथे कमी वॅटचा प्रोब ती नेत नाही, सगळी उष्णता होऊन आतच राहते.

खिडक्यांवर पैसे वाचवू नका. कोटिंग नसलेलं झिंक सेलेनाइड प्रत्येक पृष्ठभागावरून १७ टक्के प्रकाश परत पाठवतं. खिडकीच्या दोन्ही बाजू समांतर असतील तर दोन परावर्तनं जुळून ते ५० टक्क्यांपर्यंत जातं. अशा दोन खिडक्या समोरासमोर असल्या की जाऊन-येऊन उरतात ०.२५, आणि आपल्या ट्यूबचा दोन फेऱ्यांचा गेन आहे चार पट. गुणाकार एक. म्हणजे आरसे न लावताही ट्यूब स्वतःच लेझर व्हायच्या उंबरठ्यावर आली. अशा आपोआप सुरू झालेल्या दोलनानं साठा प्रोब पोचण्याआधीच रिकामा होतो आणि गेन कमी का येतोय ते कळत नाही. परावर्तनरोधी कोटिंगच्या खिडक्या दोन-तीन अंश तिरक्या लावा, किंवा ब्रूस्टर कोनात (ज्या कोनात एका दिशेच्या ध्रुवणाचा प्रकाश परावर्तित होत नाही). डिटेक्टर आणि बीम डंपही काटकोनात कधीच नको. अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या मोठ्या सीओटू ॲम्प्लिफायरांत हाच त्रास होता. तिथे प्रकाश शोषणारा सल्फर हेक्झाफ्लोराइडयुक्त गॅस मार्गात ठेवून कमजोर प्रकाश दाबला जाई आणि जोरदार पल्स त्यातून पार होई.

पल्स वाढवायची असेल तर आणखी एक मर्यादा येते. २० टॉर दाबाच्या आसपास प्रत्येक रेषेची रुंदी शंभरेक मेगाहर्ट्झ असते, आणि शेजारची रेषा ४० ते ५५ गिगाहर्ट्झवर. एवढ्या अरुंद फटीतून काही नॅनोसेकंदांहून छोटी पल्स जशीच्या तशी जात नाही, ताणली जाते. दाब वाढवला की रेषा रुंदावतात आणि सुमारे दहा वातावरणांच्या दाबाला एकमेकींत मिसळतात. पिकोसेकंदाच्या पल्ससाठी म्हणूनच तसल्या दाबाची यंत्रं लागतात. ते काचेच्या ट्यूबचं काम नाही, प्रयत्नही करू नका.

सलग वॅट वाढवायचे असतील तर उष्णता भिंतीपर्यंत जाण्याची वाट न पाहता काढून न्यायची. एक मार्ग गॅसच जोरात वाहता ठेवण्याचा: ब्लोअरनं गॅस ट्यूबमधून ढकलून बाहेर कूलरमध्ये थंड करायचा. मीटरमागे शेकडो वॅट मिळतात. दुसरा स्लॅबचा: दीड-दोन एमएम अंतरावर दोन रुंद, पाण्यानं थंड केलेले धातूचे पट्टे आणि मधे आरएफ (रेडिओ लहरींच्या वारंवारतेच्या विजेचा) डिस्चार्ज. इथे भिंत इतकी जवळ असते की पॉवर लांबीऐवजी पट्ट्याच्या क्षेत्रफळावर ठरते. चिप बनवणाऱ्या ईयूव्ही (अतिलघू अतिनील प्रकाशाच्या) यंत्रांमध्ये सेकंदाला पन्नास हजार कथिलाच्या थेंबांवर जो सीओटू बीम पडतो, तो वाहत्या गॅसच्या ॲम्प्लिफायरांच्या रांगेतून वाढत येतो.

गाळ्यासाठी यातून एक व्यवहारी प्रश्न उरतो: ८० वॅटच्या ट्यूबपुढे दुसरी ८० वॅटची ट्यूब ॲम्प्लिफायर म्हणून लावावी का? आरसे पक्के चिकटवलेली बंद ट्यूब ॲम्प्लिफायर होतच नाही. खिडक्यांची वेगळी करून घेतली, तरी वरच्या हिशेबानं एका मीटरमागे वीसेक वॅटची भर, तीही सगळं नीट जुळलं तर. त्यासाठी दुसरा हाय व्होल्टेज सप्लाय, दुसरा चिलर आणि रोजची अलाइनमेंट लागेल. त्या पैशांत १३० वॅटची लांब ट्यूब येते. मशिनची पेटी तेवढी लांब आहे का, ते मोजून पाहा. नसेल तर बाजूला पत्र्याचा डबा जोडून ट्यूबचं टोक त्यात बसवतात. डब्याला अर्थिंग आणि झाकणाला इंटरलॉक (झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच) लावायला विसरू नका.